दिसते ती धार नव्हे

पटाशी वळली.

तुटली नाही, दातही पडला नाही. ओल्या पुठ्ठ्याची कड मुडपावी तशी तिची धार मागं वळली आणि अक्रोडाच्या लाकडावर खाचेऐवजी नुसती एक मळकट रेघ उमटली. सुनेनं ती दगडावर घासली, पुन्हा लाकडाला लावली. पुन्हा वळली. सकाळपासून चौथ्यांदा.

"मामंजी, ही ऐकत नाहीये."

सासरा खिडकीखालच्या बाकावर बसला होता. दोन वर्षांपासून त्याच्या डोळ्यांत दूध सांडल्यासारखं झालं होतं. कुणी आलं की समोरचा उजेड कमी होतो, एवढंच त्याला कळायचं. लोक त्याला दस्तेवाला म्हणत. बंदुकीचा लाकडी दस्ता, जो खांद्याला टेकतो तो, आणि त्या दस्त्यात लोखंड जिथं बसतं ती खाच. बेचाळीस वर्षं त्यानं दुसरं काही केलं नव्हतं. सून अकरा वर्षं दस्त्यांना तेल चोळत आली होती. डोळे गेले तेव्हा त्यानं पटाश्या तिच्याकडे सरकवल्या, मुलाकडे नाही. मुलगा अंगणात ठोकळे तासायचा. "त्याच्या हातात फूल दिलं तर देठ मोडेल," असं म्हातारा त्याच्या तोंडावर म्हणायचा, आणि मुलगा म्हणायचा, "फुलं तासायला सांगतंय कोण मला?"

"इकडे दे."

त्यानं पात्याच्या पाठीवरून अंगठा ओढला. मग बोटाच्या पेरांनी पातं मोजलं. दीड पेर.

"पोलाद संपलं," तो म्हणाला.

"संपलं म्हणजे?"

"या जुन्या पटाश्यांना पोलाद फक्त तोंडाशी असायचं. मागं साधं लोखंड. रोज दगडावर थोडी थोडी खात आलो. आज पलीकडे निघालो." त्यानं हात पसरला. "बाकीच्या दे."

तिनं एकेक दिली. तो अंगठा ओढायचा आणि बाकावर ठेवायचा. हिचं संपलं. हिचंही. हिचं आठवडाभर पुरेल. हिचं संपलं. पाची ओळीनं मांडून तो बराच वेळ त्यांच्यावर पंजा ठेवून बसला. दुःख केल्यासारखा चेहरा नव्हता. ज्या रस्त्याला टोक आहे हे कधी ध्यानातच आलं नव्हतं, त्याच्या टोकाशी पोचलेल्या माणसाचा असतो तसा होता.

सून त्याच्या हाताकडे बघत राहिली. लाकूड संपतं, तेल संपतं, हे तिला माहीत होतं. एका माणसाच्या हातानं पोलाद संपतं हे माहीत नव्हतं.

आणि हे सगळं

*

नेमकं त्याच हंगामात. मक्याची कणसं भरत आली होती आणि रानडुकरं रानात उतरली होती. रात्रीत अर्धा एकर भुईसपाट व्हायचा. लोकांनी माळ्यावर पडलेल्या परवान्याच्या बंदुका खाली काढल्या तेव्हा कुणाच्या दस्त्याला वाळवी लागलेली, कुणाचा मानेतून मोडलेला.

बंदूकवाला दोन दिवसांनी आला. शहरात त्याचं दुरुस्तीचं दुकान होतं. लोखंडाचं काम तो करायचा, लाकडाचं या घरात यायचं.

"मिस्त्री, नऊ आल्यात," तो म्हणाला.

"आण मग."

"एकच आणलीय." त्यानं गोणपाट सोडलं. दुनळी बंदूक, दस्त्यावाचून, मुंडकं नसलेल्या पक्ष्यासारखी. "हिचा करून दाखवा. स्पष्ट बोलतो, राग मानू नका. यंत्रावर कापलेले दस्ते मिळायला लागलेत. आठवड्यात म्हणाल तितके. मी इतके दिवस नको म्हणत आलो. पण तुमच्या डोळ्यांचं आता सगळ्यांना माहीत झालंय."

"माझे डोळे गेलेत. काम गेलेलं नाही."

"म्हणून तर आणली. एकवीस दिवसांनी येतो. लोखंड आणि लाकूड यांच्यामध्ये उजेड दिसला, तर उरलेल्या आठ तिकडे. पुढच्या वर्षीच्याही तिकडे."

"उजेड दिसला तर मीच सांगेन, तिकडे दे म्हणून."

"तुम्हाला कसा दिसेल?" बंदूकवाल्याच्या तोंडून निसटलं.

बाहेर मुलाची कानस थांबली.

"वहिनी, चहा राहू द्या," बंदूकवाला उठत म्हणाला. "बस चुकेल."

बस अजून दोन तासांनी होती.

तो गेल्यावर सुनेनं लोखंड हातात घेतलं. नळ्यांच्या मागे दोन्ही बाजूंना दोन पट्ट्या. त्यांच्या आतल्या अंगाला घोडा, स्प्रिंग, कळ, सगळं यंत्र. तळहाताएवढी पट्टी, पण तिच्या कडेला सरळ रेघ नावाला नव्हती. आणि खाच तंतोतंत तशीच खोदायची. पोकळी राहिली, तर बार उडताना लोखंड मागं उसळतं आणि दस्ता उभा चिरतो. कधी शंभराव्या बाराला, कधी पहिल्याच.

"मी येतो बाजारात," सासरा म्हणाला.

"तुमचे गुडघे बसची पायरी चढणार आहेत का?"

"काय बघून घ्यायचं ते ठाऊक आहे ना?"

"अकरा वर्षं बघतेय."

दोघांचंही समाधान झालं.

*

हार्डवेअरच्या दुकानात पटाश्या फळीवर टांगलेल्या होत्या. लाल मुठी, पिवळ्या मुठी, पात्यांवर तेलाचा कागद. खाली रंगाचे डबे, साखळ्या, खिळ्यांची पोती. सुनेनं एक उतरवली, गल्ल्यासमोरच्या लाकडावर उभी ठोकली आणि कान जवळ नेला. दुसरी घेतली. ठोकली.

सासरा रोज सकाळी हेच करायचा. कामाला बसण्याआधी प्रत्येक पटाशी एकदा बाकावर ठोकायची आणि ऐकायचं. अकरा वर्षांत एक दिवस चुकला नव्हता.

दुकानदार पेला बाजूला ठेवून बघत होता. "बाई, वाजवायलाच हवं असेल तर घंटा पण आहे आपल्याकडे."

गिऱ्हाइकं हसली. नवरा बरोबर आला होता, तो खिळ्यांच्या पोत्याकडे बघायला लागला. सुनेचे कान गरम झाले, पण तिनं सोडलं नाही. सव्वीस ठोकल्या. पाच अशा निघाल्या की त्यांचा आवाज दाराबाहेर जाऊनही संपत नव्हता. रुंदीप्रमाणे पाच: इंचाची, सहा सुतांची, चार सुतांची, दोन सुतांची आणि एक सुताची. आठ सूत म्हणजे इंच, तर एक सूत म्हणजे काडेपेटीतल्या दोन काड्या शेजारी ठेवल्या की होतं तेवढं.

घरी येऊन तिनं रात्र पडायच्या आत पाचींना धार लावली. सकाळी सहा सुतांची घेतली, अक्रोडाच्या ठोकळ्यावर आखलेल्या रेघेच्या आत टेकवली, लाकडी मोगरीचा हलका टोला दिला. उतरली. दुसरा टोला. तिसरा. चौथ्याला काहीतरी साखरेसारखं करकरलं.

तिनं वाकून बघितलं. लाकडात एक चमचमता कण रुतला होता. पटाशीचा कोपरा नव्हता.

चार सुतांची घेतली. सहाव्या टोल्याला तेच.

"मामंजी."

"ऐकलं मी," सासरा म्हणाला. "कसं निवडलंस?"

"ठोकून."

"काय ठोकून?"

*

"तुम्ही रोज ठोकता तशी. ऐकून."

"अगं, मी मूठ सैल झालीय का ते ऐकतो. सैल असली की ठप्प वाजते."

"मूठ?"

"मूठ."

"अकरा वर्षं मी..."

"मी बेचाळीस वर्षं. नवी पटाशी सगळीच वाजते पोरी. जेवढी जास्त कडक तेवढी जास्त वाजते. तू दुकानातल्या सगळ्यात ठिसूळ पाच घरी आणल्यास."

"हसू नका."

"हसत नाही. खोकला आहे."

"बाहेर तुमचा मुलगा पण खोकतोय."

"त्याला घंटा आणायला पाठवायला हवं होतं."

"मग पोलाद कसं ओळखायचं?"

"विकत घेताना? नाही ओळखता येत."

"तुम्ही कसं ओळखलंत?"

"मी घेतल्याच नाहीत. ज्याच्याकडे शिकलो त्यानं जाताना दिल्या. आयुष्यात एक पटाशी विकत घेतलेली नाही मी."

"आणि मला पाठवलंत."

"तू म्हणालीस, बघतेय म्हणून."

"म्हणाले होते."

"रुसलीस?"

"नाही. पुढं सांगा."

"पाठ काचेवर ठेवायची. होडीसारखी डुलली तर नको. कडा वरपर्यंत जाड असल्या तर नको, कोपऱ्यात शिरणार नाही. हे झालं डोळ्यांचं आणि बोटांचं. पण पोलाद धार लावल्याशिवाय बोलत नाही. धार लावायची. मग लाकडाचं तोंड घ्यायचं, जिथं रेषा उभ्या येऊन कापलेल्या असतात ती बाजू. तिथं मोगरी न लावता, खांद्यानं वीस वेळा ढकलायची. आणि मग धार खिडकीकडे करून बघायची. कर. काय दिसतं?"

"पांढरी रेघ. बारीक."

"ती गेली."

"ही तर धारेची रेघ आहे."

"रेघ दिसते म्हणजे तिथं उजेडाला बसायला जागा आहे. जागा आहे तर ती धार कसली? ती भिंत. धारेवर उजेडसुद्धा बसू शकत नाही. दिसते ती धार नव्हे."

*

"म्हणजे लावून बघणार, कापून बघणार आणि मग घेणार," दुकानदार म्हणाला. "पटाशी म्हणजे काय पेरू आहे का बाई?"

सून एकटी आली होती. पिशवीत दगड, काचेचा तुकडा, पाण्याची बाटली आणि अक्रोडाचा एक ठोकळा.

"तुम्ही पटाश्या कोऱ्या विकता," ती म्हणाली. "सुतार घरी नेतो आणि एक दिवस घासत बसतो. मी इथं लावते. मला नको असतील त्या तुम्ही धारेच्या म्हणून विका. माझी मजुरी नको. कालच्या पाच परत घ्या, त्याही लावून देते."

दुकानदारानं फळीकडे बघितलं, मग तिच्या हातांकडे. "पायरीवर बसा. गिऱ्हाईक आलं की सरकायचं."

ती बसली. गिऱ्हाईक आलं, सरकली. पायरी, गटाराची फरशी, पुन्हा पायरी. दगडावरचं काळं पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळायचं. लोक तिच्या दगडावरून पाय टाकून जायचे. एकानं खिळ्यांची पिशवी तिच्या ठोकळ्यावर ठेवली आणि त्यावर कोपर टेकून भाव करत राहिला. एकानं दोन कात्र्या पुढं टाकल्या.

"मी कात्रीवाली नाही," ती म्हणाली.

"धारवाली ती धारवाली," तो म्हणाला आणि कात्र्या तिथंच ठेवून चहाला गेला.

पहिली. पाठ डुलते. दुसरी. डुलते. तिसरी. पाठ बरी, कडा जाड. चौथी. लावली, ढकलली, अकराव्याला रेघ. पाचवी. लावतानाच कळलं, दगडावर लोण्यासारखी जाते, सहाव्याला वळली. सहावी. करकरली. सातवी. करकरली. आठवी डुलते. नववी पंधराव्याला गेली, आशा लावून गेली. दहावी. अकरावी. बारावी. बोटांची टोकं गुळगुळीत झाली, ठसे पुसल्यासारखी. शेवटची बस. घरी हातानं घास धरवेना. नवऱ्यानं ताट जवळ ओढलं, म्हणाला, "भरवू का?" आणि ती म्हणाली, "तुमच्या हातानं? दात पडतील." आणि दोघं हसली, आणि सकाळी पहिली बस, पायरी, तेरावी, डुलते, चौदावी,

*

सतरावी.

तिच्यात वेगळं काही नव्हतं. इंचाची, लाल मूठ, तेलाच्या कागदावर धूळ. पाठ सपाट. सुनेनं लावली. ठोकळा मांडीशी घट्ट धरला, मूठ खांद्याच्या खोबणीत घेतली आणि ढकलली.

लाकडाच्या त्या तोंडावरून इतर पटाश्या भुसा काढायच्या. हिनं कागद काढला. अख्खा, न तुटता, कांद्याच्या आतल्या पापुद्र्यासारखा. तो पात्यावर वर चढत आला, वळला आणि वाऱ्यानं उडून गटारात गेला. सून त्याच्याकडे बघत राहिली. मग दुसरा. पाचवा. विसावा. विसावा पहिल्यासारखाच.

तिनं धार आभाळाकडे केली. पातं तिरकं केलं, सरळ केलं. रेघ नव्हती. जिथं पोलाद संपत होतं तिथूनच समोरचा रस्ता सुरू होत होता. मध्ये काहीच नव्हतं. तिनं डोळे पुसले, पुन्हा बघितलं. काहीच नव्हतं.

मग तिनं लाकडाकडे बघितलं आणि तिचा हात थांबला. कापलेला भाग चकाकत होता. आत केशरी होतं, त्याच्या आत तपकिरी, त्याच्याही आत धुरासारख्या रेषा, वाहता वाहता थबकल्यासारख्या. अकरा वर्षं तिनं या लाकडाला तेल चोळलं होतं. ते असं असतं हे तिनं पहिल्यांदा बघितलं.

दुकानदार उठून आला. वाकून त्यानं त्या जागेवर बोट ठेवलं. "पॉलिश लावलंत?"

"नाही."

"मग चकाकतंय कशानं?"

"लाकूड कापलं की असंच असतं," ती हळू म्हणाली. "इतके दिवस आपण फाडत होतो."

दुकानदार तिथंच उकिडवा बसला. बराच वेळ त्याला गल्ला आठवला नाही.

"हिची जोडीदार आहे," मग तो म्हणाला. आत जाऊन त्यानं पेटी आणली. एकच शिक्का, एकच कारखाना, एकाच कागदात गुंडाळलेल्या दोघी शेजारी. सुनेनं दुसरी लावली. सातव्याला रेघ आली.

"एका पेटीतल्या," दुकानदार म्हणाला.

"एका आईची दोन लेकरं तरी कुठं सारखी असतात," कात्र्या न्यायला आलेला माणूस म्हणाला. त्यानं कात्र्या उचलल्या. त्यांना धार लावलेली नव्हती. तशाच पिशवीत टाकल्या.

त्या दिवसापासून तिला कुणी सरकायला सांगितलं नाही. गिऱ्हाईक आलं की दुकानदार म्हणायचा, "जरा बाजूनं या."

तिसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत तिनं एक्केचाळीस लावल्या होत्या. त्यातल्या चार निवडल्या: इंचाची एक, सहा सुतांची एक, चार सुतांच्या दोन. सदतीस फळीवर धारेच्या म्हणून टांगल्या गेल्या आणि त्यातल्या नऊ तिच्या डोळ्यांदेखत विकल्याही गेल्या. चांगल्या होत्या त्या, दारं-खिडक्या करायला. फक्त बंदुकीच्या नव्हत्या.

पण एक सुताच्या दुकानात तीनच होत्या आणि तिन्हींना रेघ आली. पट्टीच्या कडेला जिथं वळण दुमडतं, त्या कोपऱ्यात एक सुताहून रुंद काही शिरत नाही. बाकी सगळी खाच बिनचूक झाली आणि तो कोपरा राहिला, तर पट्टी बसत नाही. म्हणजे उजेड.

बसमध्ये ती चार पटाश्या मांडीवर घेऊन बसली होती आणि

*

"रुंद पटाशी अरुंद होते," सासरा म्हणाला. "अरुंद रुंद होत नाही. चार सुतांच्या दोन आहेत ना? एकीच्या दोन्ही बाजू घासून काढ."

"कुठली घेऊ? एक वीस ढकलून पण तशीच राहते. दुसरी बावीस-पंचविसाला जराशी थकते."

"चांगली घे."

"चांगली?"

"कोपऱ्यात जिला जायचं तिला सगळ्यात जास्त सोसायचं असतं. तिथं दुसरी टिकणार नाही."

सुनेनं चांगली हातात घेतली. तिच्यासाठी दीड दिवस पायरीवर गेला होता. तीन भाग पोलाद दगडाला घालायचं आणि एक ठेवायचा.

"शेजारच्या वेल्डरकडे यंत्र आहे," नवरा म्हणाला. "पाच मिनिटांचं काम."

"पाच मिनिटांत तापेल," म्हातारा म्हणाला. "तापली की निळी पडते, निळी पडली की मेली. हातानं. चार घासे, पाण्यात. चार घासे, पाण्यात."

अंगणातला मोठा खरबरीत दगड ओढून आणला. सुनेची बोटं दुकानातच सोलून निघाली होती. अर्ध्या तासात दगडावर लाल उमटायला लागलं. नवऱ्यानं न विचारता पटाशी तिच्या हातातून घेतली आणि सवयीनं हलक्या हातानं घासायला लागला, जन्मभर बोलणी खाल्लेल्या माणसासारखा.

"दाब," म्हातारा म्हणाला.

नवऱ्यानं वर बघितलं.

"दाब रे. आयुष्यात पहिल्यांदा सांगतोय. जेवढा जोर आहे तेवढा दाब."

नवरा उठून उभा राहिला. पाय फाकवून दगडावर वाकला आणि दाबलं. दगड किंचाळला. चार घासे. सून पाण्याचं भांडं पुढं करायची, सर्र. चार घासे. सर्र. म्हातारा अंगठ्यानं रुंदी बघायचा आणि म्हणायचा, अजून. दुसऱ्या दिवशी अजून. तिसऱ्या दिवशी अजून. अंगणात काळा चिखल साचला. ती पटाशीच होती, पातळ होऊन वाहिलेली. नवऱ्याच्या दंडांना रात्री गोळे यायचे आणि सून ते चेपायची. चौथ्या दिवशी दुपारी म्हातारा म्हणाला, "थांब." त्यानं पातं चिमटीत धरलं. मग मुलाचा हात चाचपून शोधला आणि तोही तसाच, चिमटीत धरल्यासारखा, थोडा वेळ धरून ठेवला.

"एक सूत," तो म्हणाला. "सगळीकडे एक."

*

दिव्याची काजळी पट्टीला पुसायची. पट्टी लाकडावर दाबायची, उचलायची. लाकडावर जिथं काळं लागलं तिथं लोखंड अडतंय. तेवढंच काळं काढायचं, केसाएवढं, जास्त नाही. पुन्हा काजळी. दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांना असंच.

पहिल्या दिवशी तीन ठिपके.

काढले. दुसरीकडे चार. काढले. जिथं काढलं नाही तिथं आता लागलं. दाबायची, उचलायची, काढायची. नवरा बाहेर टाचा उचलून चालत होता. सासरा बाकावर बसून पटाशीचा आवाज ऐकत होता. एकदाच तो म्हणाला, "आता वरवर कापलीस," आणि तिनं बघितलं तर खरंच वरवर कापली होती.

पाचव्या दिवशी ठिपक्यांची बेटं झाली. आठव्या दिवशी बेटं एकमेकांना लागली. एक सुताची कोपऱ्यात शिरायची, दिसेनाशी व्हायची आणि आतून धाग्यासारखं काहीतरी घेऊन यायची. वीस वेळा, चाळीस वेळा. तिनं तिला उजेडाकडे धरून बघणं सोडून दिलं होतं. न बघता कळत होतं.

दहाव्या दिवशी दुपारी तिनं उरलेली पट्टी उचलली आणि खाच काळी होती. सगळी. तळ, भिंती, वळण, कोपरा. एक लाकडी ठिपकासुद्धा उघडा नव्हता.

मग काजळी पुसून तिनं पट्टी पुन्हा ठेवली आणि बोटानं हलकेच सोडली. पट्टी पडली नाही. तरंगली. आतल्या हवेला बाहेर यायला वाट सापडत नव्हती. पट्टी आपल्या वजनानं हळू, फार हळू खाली उतरत गेली, झोपलेल्या माणसाच्या छातीसारखी, आणि अगदी शेवटी एक बारीक उसासा आला.

"काय होतं ते?" सासऱ्यानं विचारलं.

"बसली," ती म्हणाली.

बेचाळीस वर्षांत तो आवाज म्हाताऱ्यानं किती वेळा ऐकला होता, हे त्यानं सांगितलं नाही. तिनंही विचारलं नाही.

*

बंदूकवाला एकविसाव्या दिवशी आला. बसला नाही. दस्ता घेऊन अंगणात गेला, उन्हात तिरका केला, उभा केला, उलटा केला. खिशातून भिंग काढलं. मग सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद फाडून त्याचं टोक लोखंडाच्या कडेनं फिरवलं, कुठं शिरतंय का बघत. पट्टीची एक बाजू. दुसरी बाजू. कोपऱ्याशी तो थांबला आणि कागदाचं टोक मुडपेपर्यंत दाबत राहिला. मग नवीन कागद घेतला.

सून दारात उभी होती.

त्यानं स्क्रू काढले आणि एक पट्टी बाहेर घ्यायला दस्ता उलटा धरला. पट्टी आली नाही. त्यानं झटका दिला. आली नाही. तळहातावर चार-पाच वेळा आपटल्यावर ती नाइलाजानं आल्यासारखी बाहेर आली. त्यानं खाचेत बघितलं. भिंती चकाकत होत्या. त्यानं आत बोट घालायला नेलं आणि न घालताच मागं घेतलं.

"कुठल्या कंपनीच्या पटाश्या?" त्यानं विचारलं.

"कंपनीचं काही नाही," सून म्हणाली. "एक्केचाळिसांतल्या चार आहेत."

"यंत्राचे दस्ते मी बघून आलोय," बंदूकवाला म्हणाला. त्यानं पट्टी परत बसवली. बसताना तो उसासा त्यानंही ऐकला आणि त्याची मान जरा मागं गेली.

"इकडे द्या," सासरा म्हणाला.

दस्ता त्याच्या मांडीवर आला. म्हाताऱ्यानं मान एका बाजूला कलती केली, तो ऐकताना करायचा तशी. अंगठ्याचं नख त्यानं लाकडावर ठेवलं आणि लोखंडाकडे ओढलं. लाकूड, लोखंड. पुन्हा लाकूड. नख कुठंतरी अडेल म्हणून तो वाट बघत होता. अडलं नाही. मग कडेकडेनं निघाला, वळणावरून, कोपऱ्यातून, खालच्या बाजूनं. एक फेरा पूर्ण झाला. त्यानं दुसरा फेरा सुरू केला.

बंदूकवाला आता बाकावर बसला होता. "बाकीच्या आठ उद्या पाठवतो," तो सवयीनं म्हाताऱ्याकडे तोंड करून म्हणाला. "किती दिवस लागतील?"

म्हातारा दुसऱ्या फेऱ्यातच होता. त्याचं लक्ष नव्हतं.

मग बंदूकवाल्यानं बसल्या जागीच अंग वळवलं, सुनेकडे.

"किती दिवस?"

"लोखंड बघितल्याशिवाय सांगत नाही," ती म्हणाली.

म्हाताऱ्याचं नख कोपऱ्यातून हळूच वळलं आणि पुढं निघालं.